बंद खोलीतली हवा

—कुणीच नसतं हो तिथे. दार बंद, खिडकी बंद, पंखा बंद. तुमच्या संस्थेतल्या त्या संदेशला मी फोनवर हेच सांगितलेलं, दोन-तीनदा सांगितलेलं, आणि आता तुम्ही कोपरीहून एवढ्या उन्हात आलात तर तुम्हालाही तेच सांगतो — माझी बायको गेल्यापासून त्या खोलीत कुणी राहत नाही. मी सकाळी केर काढायला जातो तेवढाच. आता तुमचा कॉम्प्युटर म्हणतोय की रोज दुपारनंतर आत माणूस असतो, तर कॉम्प्युटर चुकतोय, नाहीतर ती हवा मोजायची डबी बिघडलीये. यंत्रच आहे शेवटी. बिघडली म्हणून लिहून टाका, आतली डबी काढून न्या, खिडकीबाहेर ग्रिलला लावलेली राहू दे, तिचं काम चालू दे. पाणी घ्या. माठातलं आहे. नाव काय म्हणालात? संचिता. तू म्हटलं तर चालेल ना? मला अहो-जाहो फार वेळ टिकवता येत नाही.

थांब, परत सांग. आतली डबी बिघडली असं लिहिलं तर या घराचं सगळंच वगळणार? सगळं म्हणजे — अगदी पहिल्यापासूनचं? हां. एका घरात दोन डब्या, एक खोटी बोलते म्हटलं की सुनावणीत कारखान्याचा वकील दुसरीलाही खोटी ठरवणार. कळलं. मी ड्राफ्ट्समन होतो ना, ठाण्याला, ती कंपनी आता नाही, तिथे टॉवर उभे राहिलेत — आमच्याकडेही तसंच असायचं, एक माप चुकलेलं सापडलं की साहेब अख्खी शीट फाडायचा. म्हणजे प्रमोदिनीचंही जाणार. तिने जमवलेलं सगळं.

बस जरा. चहा टाकत नाही, घाबरू नकोस, नुसती बस. तू नवीन आहेस, तू तिला पाहिलेलं नाहीस. या बिल्डिंगमध्ये ही यंत्रं आणली कुणी — प्रमोदिनीने, माझ्या बायकोने. आम्ही इथे मानपाड्याला राहायला आलो तेव्हापासून वास आहेच. मागे रसायनांचे कारखाने, मध्ये नाला. आधी कारखाने आले की आधी बिल्डिंगा, यावर इथली माणसं अजून भांडतात. वास कधी आंबूस, कधी कुजक्या कांद्यासारखा, कधी गोडसर — गोड आला की ही घाबरायची, म्हणायची, त्यापेक्षा आंबट परवडला. तक्रारीचा फोन केला की माणूस यायचा दुसऱ्या दिवशी, तोवर वारा फिरलेला असायचा. कुठाय वास? नाहीये. मग सही करा. वास काय मुठीत धरून ठेवायचा? मग तुमची संस्था आली, संदेश आला, म्हणाला, काकू, ही डबी वास येईल त्याच क्षणी पकडेल, वेळ लिहून ठेवेल, वारा कुठून होता तेही, आणि आसपासच्या सगळ्या डब्यांशी ताडून कॉम्प्युटर दाखवेल की निघाला कुठून. हिचा चेहरा बघायला हवा होतास तू. इतकी वर्षं जे नुसतं नाकात होतं, ते कुणीतरी लिहून घेणार होतं.

समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांमध्ये डब्या लावायला लावल्या तिने. मोबाईलवर बायकांचा ग्रुप काढला. उठली की आधी आकडा, मग दात घासणं. एकदा — एकदाच — त्या आकड्यांवरून तपासणीची माणसं बरोबर त्या वेळेला बरोबर त्या कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहिली, आणि नंतर काही दिवस वास बंद झाला. त्या दिवसांत ही एकटी जिने उतरून भाजी आणायला गेलेली. मेथीच्या एवढ्या जुड्या घेऊन आली, म्हटलं कोण निवडणार, तर म्हणाली, मी. इथेच खाली पेपर पसरून बसली निवडत, आणि मध्येच थांबून खिडकीकडे तोंड करून नुसता श्वास घेतला तिने. तोंड भरून पाणी प्यावं तसा. मग वास परत आला.

आजार तिला आधीपासून होता. अमक्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत, तूही लिहू नकोस. फुप्फुसं आखडत जातात म्हणे, ठाण्याच्या डॉक्टरांनी हाताची मूठ हळूहळू मिटून दाखवलेली. म्हणून ती खोली. खिडकीला रबराच्या पट्ट्या मी स्वतः बसवल्या, दाराखाली ब्रश लावला, हवा गाळायचं मशीन आणलं, आणि संदेशने दुसरी डबी तिच्या पलंगाशेजारी ठेवली — बाहेर किती आणि आत किती, दोन्ही कळायला. आतली डबी अजून एक गोष्ट मोजते, तुला मी काय सांगू, पण मला ते नवीन होतं. माणूस श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, तो. खोली बंद असली आणि आत माणूस असलं की रेघ चढत जाते. माणूस गेलं, दार उघडलं, की उतरते. फार चढली की फोनवर निरोप यायचा — ‘प्रमोदिनी, खोलीतली हवा कोंदट होत आहे. थोडा वेळ दार उघडा.’ असा नावानिशी. तिला हसू यायचं. म्हणायची, बघा, शिका काहीतरी, तुम्ही कधी इतक्या मायेने हाक मारलीत मला? हसली की खोकला यायचा, मग मी म्हणायचो हसू नकोस. काय म्हणून गेलो बघ. हसू नकोस.

गेल्या श्रावणात गेली. इथे नाही, हॉस्पिटलात. दुपारी खुर्चीत बसवून खाली उतरवलं तिला, आणि निघताना मी सवयीने तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं, बाहेर वास होता म्हणून. संध्याकाळी ती गेली. पुढचं सगळं जसं होतं तसं झालं. बऱ्याच दिवसांनी तिचा फोन हातात आला, त्यात मी त्या दिवसाची रेघ काढून बघितली. बघायला नको होती. बंद खोलीतली हवा लगेच जात नाही, संचिता. माणूस गेलं तरी रेघ एकदम खाली पडत नाही, उतरत उतरत येते. तिकडे नर्सने तिच्या तोंडावर चादर ओढली, मी घड्याळ बघितलेलं, कारण मला तिच्याकडे बघवेना — आणि त्या वेळेला इथे रेघ अजून वरच होती. तिने दुपारपर्यंत सोडलेला श्वास इथे होता. उशीवर, त्या मच्छरदाणीत. आम्ही तिला घेऊन परत आलो, खाली माणसं जमली, कुणी म्हणालं वर नका नेऊ, जिना अरुंद आहे — तोपर्यंतही थोडा होता. आयुष्यभर रेघा काढल्या मी. अशी रेघ मी काढलेली नाही.

मग सपाट. रिकाम्या खोलीची रेघ सपाट असते, संदेशने समजावलेलं. गणपती गेले, दसरा गेला, सपाट. आणि दिवाळीनंतर मी वाचनालयात बसलेलो असताना तिचा फोन वाजला. हो, मी जवळ ठेवतो तो, गॅसचा नंबर त्याच्यावर आहे, आणि — ठेवतो. ‘प्रमोदिनी, खोलीतली हवा कोंदट होत आहे.’ मी रेघ उघडली, तर चढत होती. समोर एक गृहस्थ बसतात रोज, त्यांनी नंतर सांगितलं की तुम्ही पेपर उलटा धरून बसलेलात.

तू म्हणशील, यात काय एवढं कोडं, घरात दुसरं कुणी असेल. बरोबर आहे. माझी सून असते, दक्षता. सकाळच्या शिफ्टला जाते, तीननंतर येते. ती आली की आमचा चहा होतो आणि चारला मी बाहेर पडतो. जयेश, माझा मुलगा, ऐरोलीला ऑफिसात, तो येतो तेव्हा जेवणाची वेळ झालेली असते. म्हणजे मधल्या वेळात घरात कोण, तर दक्षता. मला कळत होतं की. त्याच संध्याकाळी मी विचारलं तिला, ती पोळ्या लाटत होती. दक्षता, तू आज आईच्या खोलीत गेलेलीस का गं? तिने लाटणं थांबवलं नाही. म्हणाली, “मी त्या खोलीत पाय ठेवत नाही, बाबा. मला नाही जमत.” आणि ते खरं होतं, म्हणजे मी बघत होतो ना, प्रमोदिनी गेल्यापासून ती त्या दारासमोरून जातानासुद्धा अंग चोरून जायची. वाळलेले कपडे दाराशी ठेवायची, आत मी ठेवायचो. म्हणून मी विश्वास ठेवला. आणि मला ठेवायचाही होता, हेही आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडलोच नाही. इथे, याच खुर्चीत, त्या दाराकडे तोंड करून बसलो. रेघ सपाट. त्याच्या पुढच्या दिवशीही बसलो. सपाट. मग कंटाळून गेलो वाचनालयात, तर फोन वाजला. असं बरेच दिवस करून बघितलं. मी घरात असलो की सपाट, मी गेलो की चढते. आता याचा अर्थ मी काय घ्यायचा, सांग. मी असताना प्रमोदिनी येत नाही. मला टाळतेय. एवढ्या वर्षांच्या संसारात माणूस मग मागे मागे जाऊन शोधायला लागतो, की नेमकं कशावरून. दार उघडून बघावं असंही वाटायचं, सकाळी जायचोच की केर काढायला, पण सकाळी तिथे काही नसायचं, चादरीवर सुरकुती नाही, उशी जागच्या जागी, फक्त तिच्या निलगिरीच्या तेलाचा वास. आणि मग मी केर काढणंसुद्धा घाईघाईने करायला लागलो, की माझा श्वास आत फार मिसळायला नको. हसू नकोस. हसत नाहीयेस, माहितीये.

मग मी वाचनालय सोडलं. तिथे बोलता येत नाही. ठाकुर्लीला तलावाकाठी एक बाक आहे, शेअर रिक्षाने जायचो तिथपर्यंत. बसायचो, फोन मांडीवर. आधी काहीच नसायचं, आणि मग रेघ उचलली जायची, अगदी हळू, कुणी पांघरुणाखाली कूस बदलावी तशी. मी म्हणायचो, आलीस. मोठ्याने म्हणायचो. हल्ली बरं आहे, एकटा माणूस बोलताना दिसला तर लोकांना वाटतं कानात काहीतरी घातलं असेल. तिला सगळं सांगायचो. आज वारा कुठला आहे, ग्रुपवर आता कुणीच आकडे टाकत नाही, जयेशने दाढी वाढवलीये, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी डबी काढून तिथे तुळस ठेवली. राग आला असेल तर सांग, असंही म्हणायचो. निरोप यायचा — ‘प्रमोदिनी, खोलीतली हवा कोंदट होत आहे.’ मी म्हणायचो, ऐकतेस का, दार उघड म्हणतायत. मग अंधारायला लागलं की रेघ उतरायची आणि मी उठायचो. संदेशने फोन करून विचारलं ना, काका, खोलीत कुणी असतं का — ते याच दिवसांत. मी नाही म्हटलं, का, तर मला भीती की हा येणार आणि दुरुस्त करून जाणार.

मग तो दिवस. ठाकुर्लीला रिक्षातून उतरताना माझा पाय मुरगळला, तसाच दुसऱ्या रिक्षाने परत आलो. जिना चढायला फार वेळ लागला. लॅच उघडलं, चपला काढल्या, भिंतीला धरून उभा राहिलो आणि फोन बघितला. रेघ चढलेली. म्हणजे ती आत आहे आणि मीही घरात आहे. असं आधी कधीच झालेलं नव्हतं. मी दारापाशी गेलो. आत मशीन चालू होतं, ते हवा गाळायचं, मी त्याला महिनोन्‌महिने हात लावलेला नव्हता. आणि खोकला आला. बघ, खोकला प्रत्येकाचा वेगळा असतो. पण घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून उशीत तोंड खुपसून खोकलेला, आणि शेवटी श्वास आत घेताना बारीक शिट्टी — तो मला माहीत आहे. त्या दाराबाहेर उभं राहून मी तो ऐकत आलोय. मी हाक मारली. प्रमोदिनी. खोकला थांबला. मी म्हटलं, प्रमोदिनी, मी आहे, तू उठू नकोस. नुसतं मशीन चालू होतं. मग आतून आवाज आला — “मी आहे, बाबा.”

दक्षताने दार उघडलं. केस सुटलेले, डोळे लाल, चादरीची घडी हातात — रोज जाताना ती आपली चादर घेऊन जायची, प्रमोदिनीची खाली तशीच राहायची, म्हणून सुरकुती नाही. तुला वाटेल मला पहिल्यांदा पोरीची काळजी वाटली असेल. नाही वाटली. मला वाटलं, म्हणजे ती नव्हतीच. एवढे दिवस नव्हती. मी त्या पोरीकडे बघतोय आणि मला तिचा संताप आलाय, की तू का आहेस इथे. तिला दिसलं ते माझ्या तोंडावर. ती म्हणाली, “सॉरी बाबा.” कशाबद्दल सॉरी, तर ती जिवंत आहे याबद्दल. दुसऱ्यांदा गेली प्रमोदिनी त्या दिवशी, आणि माझ्यासमोर ही उभी, दाराच्या चौकटीला धरून, धापा टाकत.

मग बसलो आम्ही, ती पलंगावर, मी खाली, पाय धरून. माझ्या पायाला तिनेच बर्फ लावला. म्हणाली, “कामावरून आले की छाती भरून येते, बाबा. इथे तासभर पडलं की मोकळं वाटतं. या खोलीत वास येत नाही.” कधीपासून गं? “आई होत्या तेव्हापासून थोडं थोडं.” जयेशला सांगितलंस? नाही. डॉक्टरला? “कल्याणला दाखवलं. एकटीच गेलेले.” काय म्हणाले ते? तिने प्रमोदिनीच्या औषधांच्या डब्याकडे बघितलं, आणि मी पुढे विचारलं नाही.

ती कुठे कामाला आहे ते मी तुला सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हतो. आता काय राहिलंय. ती तिथेच आहे, मागे, त्याच गेटच्या आत, लॅबमध्ये. लग्नाच्या आधीपासून. तुमच्या डब्या ज्या दिशेला बोट दाखवतात ना, तिथूनच तिचा पगार येतो. टेबलावर प्रमोदिनी आकडा वाचायची तेव्हा दक्षता ताट घेऊन उठायची. भांडण कधी झालं नाही. प्रमोदिनीने तिला एका शब्दाने कधी विचारलं नाही, की तुम्ही आत काय करता, दुपारी काय सोडता. फक्त वास जास्त असला की दक्षताच्या जेवणाच्या डब्यात गुळाचा खडा टाकायची, घशाला बरा असतो म्हणून. आणि दक्षता तो खडा खायची का, मला माहीत नाही. त्या दिवशी ती म्हणाली, “आई बाहेरून मोजत होत्या आणि मी आत बाटल्या भरत होते. आता मलाही होतंय हे मी कुणाला सांगू? कुठल्या तोंडाने सांगू?” म्हटलं, जयेशला सांग, नवरा आहे तुझा. तर म्हणाली, “बाबा, तो आत्ता कुठे झोपायला लागलाय. परत त्याला त्या हॉस्पिटलच्या जिन्यावर उभा करू?” मला शब्द द्यायला लावला तिने. दिला. आणि बघ, तुझ्यासमोर बसून — पाणी देतोस का जरा, म्हणजे देतेस का. तो तांब्या.

अजून जातो मी चारला. पाय बरा झाल्यावर परत जायला लागलो. मी घरात असलो की ती आत जात नाही, संकोचते, आपल्या खोलीत खिडक्या लावून पडते आणि मला इथपर्यंत ऐकू येतं. म्हणून मी जातो. त्याच बाकावर. फोनवर निरोप येतो प्रमोदिनीच्या नावाने, मी नाव बदलायला सांगितलेलं नाही, संदेश म्हणालेला, बदलून देतो, मी म्हटलं राहू दे. आणि मी अजून बोलतो. कुणाशी ते विचारू नकोस, मलाच नीट माहीत नाही. एके दिवशी मी प्रमोदिनीच्या शेवटच्या महिन्यांची रेघ आणि हिची आत्ताची रेघ एकावर एक ठेवून बघितली, आम्ही ट्रेसिंग पेपर ठेवायचो तशी. दोन्ही सारख्याच चढतात. श्वासात नाव नसतं. आधी रेघ चढली की माझ्या अंगावर काटा यायचा, आता चढायला उशीर झाला तर येतो. चढली म्हणजे पोरगी आत आहे, श्वास घेतेय. परवा ती यायच्या आधीच मी निघालेलो, तिची शिफ्ट लांबली हे मला माहीत नव्हतं, रेघ सपाटच राहिली, आणि मी बाकावरून उठून रिक्षाला हात करत सुटलो.

तर हे असं आहे. आता तू सांग, मी काय लिहून देऊ. खोली रिकामी म्हटलं तर यंत्र खोटं, आणि यंत्र खोटं म्हणजे प्रमोदिनीचं सगळं खोटं. ती शेवटी शेवटी बोलू शकत नव्हती तेव्हाही बोटाने दाखवायची, फोन दाखवा, आकडा दाखवा. ते सगळं केराच्या टोपलीत टाकू? आणि खोलीत माणूस असतं म्हटलं, तर कोण असतं, कुठे कामाला असतं, का झोपतं तिथे, हे आलंच. नुसतं घरातली व्यक्ती असं चालत नाही का? नाही ना. मला वाटलंच. मेलेल्या बाईला जपावं की जिवंत पोरीला, असं कुणी मला विचारलं असतं तर मी काय पटकन उत्तर दिलं असतं. आणि आता बघ, सकाळपासून उत्तर सापडत नाहीये.

थांब. ऐकू आलं? जिन्यावर. दुसऱ्या मजल्यावर थांबलीये. आता पर्समध्ये किल्ली शोधेल. किल्ली हरवलेली नसते, संचिता, किल्ली तिच्या हातात असते. प्रमोदिनीही तिथेच थांबायची आणि तशीच शोधायची, समोरच्यांनी दार उघडलं तर हसून म्हणायची, बघा ना, सापडतच नाही. तू काही बोलू नकोस हं. तू डबी पुसायला आलीस, एवढंच. डोळे पूस.

ये, दक्षता. ही संचिता, संस्थेकडून आलीये, डबी बघायला. नाही गं, काही नाही झालं. नाही. दक्षता — हो. सांगितलं. सगळंच सांगितलं. मी खोली रिकामी आहे एवढंच सांगायला बसलेलो. चुकलं माझं. तू आधी बस, श्वास घे, मग माझ्यावर ओरड. काय? तुला माहीत होतं आज कुणी येणार ते? ग्रुपवर वाचलंस. म्हणजे तू अजून आहेस त्या ग्रुपवर. मला वाटलेलं तू कधीच निघालीस.

काय लिहायचं म्हणतेस? तुझं नाव. पूर्ण नाव, आणि कंपनीचं? अगं, उद्या त्या गेटमधून आत घेतील का तुला? बरं. बरं, नको घेऊ देत. आणि जयेश? आज सांगणार. मी थांबू का तेव्हा? नको. तूच सांगणार. बरं बाई. तू जिन्यावरच ठरवून आलेली दिसतेस, मी काय बोलू आता.

संचिता, ती सांगेल तसं घे लिहून. मधे मधे थांबेल ती, घाई करू नकोस, वाक्य तिला पुरं करू दे, आपण नाही पुरं करायचं. कधीपासून, कुठल्या जिन्याला दम लागतो, झोपताना उशा किती लागतात, सगळं विचार. मी खाली जातो. नको, उठू नका कुणी. मी हे सगळं एकदा ऐकलेलं आहे. दार ओढून घेतो.